शिष्याने फेडलेले ऋण

शिक्षकाच्या धंद्यात एक मोठी अडचण आहे. सुताराने केलेली खुर्ची साधली की बिघडली हे त्यास त्याच दिवशी सायंकाळी समजते. शेतकऱ्यास आपल्या पेरणीचे फळ सुगीला दिसते. परंतु शिक्षकाने वर्गात जे पेरले ते उगवले की जागच्या जागी कुजले, हे त्यास पुष्कळदा अखेरपर्यंत समजत नाही. मुले वर्ग ओलांडून जातात, गाव सोडून जातात, आणि मास्तर मात्र त्याच फळ्यापुढे त्याच खडूने नव्या मुलांस जुनेच धडे देत राहतो. विटे आणि आसपासची खेडी यांत माझी सारी उमर या कामात गेली. जुन्या अकरावीची मॅट्रिक एवढीच माझी विद्या. तेव्हा नाट्यशास्त्रावर पांडित्य सांगण्याचा माझा अधिकार नाही, हे प्रथमच कबूल करतो. पण शिक्षकाच्या या अडचणीवर मराठीत एक नाटक झाले, त्या नाटकावरून पुढे हिंदी बोलपट निघाला, आणि नाटककार तर आमच्याच मुलखात जन्मलेला. त्या नाटकाचा आणि बोलपटाचा इतिहास आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

नाटक म्हणजे प्राध्यापक वसंत कानेटकरांचे ‘अश्रूंची झाली फुले’. ते १९६६ साली रंगभूमीवर आले. बोलपट म्हणजे १९६९ सालचा ‘आँसू बन गये फूल’. हिंदी नाव हे मराठी नावाचेच शब्दशः रूपांतर होय, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

नाटक हा विषय आमच्या भागास परका नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीकर चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी रंगभूमीचा पाया तेथे घातला गेला. ‘शारदा’कार देवल हे सांगलीशेजारच्या हरिपूरचे, आणि नाटकाकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी त्यांनी शिक्षकाचा पेशा केलेला. नाट्याचार्य खाडिलकर तर सांगलीचेच. असे असूनही शाळामास्तर हा मनुष्य मराठी रंगभूमीवर फार काळ सन्मानाने उभा राहिला नाही. पंतोजी म्हटला की हातात छडी, नाकात तपकीर, आणि प्रेक्षकांच्या तोंडावर हसू, असाच त्याचा थाट. ज्याच्या हातून मार खाल्ला त्याला हसून घेण्याची संधी समाज सोडीत नाही, हे त्याचे कारण असावे.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो खाडिलकरांचाच आहे. त्यांचे ‘विद्याहरण’ १९१३ साली रंगभूमीवर आले. कच-देवयानीची ती कथा महाभारताच्या आदिपर्वातली. आपण सर्वांनी ती लहानपणी ऐकलेली आहे. देवगुरू बृहस्पतीचा पुत्र कच हा दैत्यगुरू शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकण्यासाठी जातो. दैत्य त्यास पुनःपुन्हा मारतात. अखेरीस त्याची राख मद्यात कालवून ते मद्य गुरूसच पाजतात. आता शिष्य जिवंत व्हावा तर गुरूचे पोट फाटावे, आणि गुरू जगावा तर शिष्य नष्ट व्हावा, असा पेच पडतो. तेव्हा शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या शिकवितात. शिष्य बाहेर येतो, गुरू मरून पडतो, आणि शिष्य त्याच विद्येने गुरूस उठवितो. दैत्यांचा कावा व गुरूचे व्यसन हा कथेचा भाग सोडून दिला, तरी एक गोष्ट उरते. गुरू पडला तेव्हा त्यास उठविणारी विद्या त्यानेच दिलेली होती, आणि ती देताना आपण जगू की नाही याची खातरी त्यास नव्हती. ही कथा क्षणभर बाजूस ठेवू. तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

वसंत शंकर कानेटकर यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे झाला. त्यांचे वडील म्हणजे रविकिरण मंडळातील सुप्रसिद्ध कवी गिरीश. तेही पेशाने शिक्षक. तेव्हा शाळा, वर्ग, परीक्षेचे पेपर आणि महिन्याच्या अखेरीची ओढाताण यांचे बाळकडू कानेटकरांस घरातच मिळाले असले पाहिजे. त्यांचे उच्च शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात झाले. पुढे नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे मराठी शिकविले. नाशिकास राहूनच त्यांनी बहुतेक नाटके लिहिली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे १९६२ चे नाटक त्यांस घरोघर घेऊन गेले. परंतु इतिहासाच्या बरोबरीने शिक्षक हा विषय त्यांनी कधी सोडला नाही. ‘प्रेमा तुझा रंग कसा’ या १९६१ च्या विनोदी नाटकातील बल्लाळ हे प्राध्यापकच. ‘हिमालयाची सावली’ या १९७२ च्या नाटकातील नानासाहेब भानूंच्या मागे तर महर्षी धोंडो केशव कर्व्यांची आकृती उभी आहे. या दोहोंच्या मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’ येते. आणि शिक्षकाची खरी परीक्षा त्यातच घेतलेली आहे.

ती परीक्षा समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. आमच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. गरिबाच्या मुलास कमवून शिकण्याची सोय केली. आणि खेडोपाडी शाळा उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर हे लोण सर्वत्र पसरले. गावोगावी संस्था निघाल्या, इमारती झाल्या, महाविद्यालये आली. ज्या घरांत सात पिढ्यांत कोणी अक्षर गिरविले नव्हते त्या घरांतील मुले पदवीधर झाली. हे पुण्य मोठे आहे, आणि मी स्वतः त्याच पुण्याचा वाटेकरी आहे. परंतु संस्था म्हटली की फंड आला, फंड आला की हिशेब आला, आणि हिशेबामागोमाग सत्ताही आली. विद्यामंदिराची मालकी कोणाची, शिकविणाऱ्याची की देणगी गोळा करणाऱ्याची, हा प्रश्न भाऊरावांसारख्या निःस्पृह माणसाच्या छायेत उद्भवत नाही. छाया सरली म्हणजे तो उद्भवतो.

कानेटकरांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांचा नायक विद्यानंद हा एका महाविद्यालयाचा प्राचार्य आहे. तो ध्येयवादी, साधा, आणि पैशाच्या बाबतीत स्वच्छ आहे. त्याच्या महाविद्यालयात लाल्या नावाचा एक विद्यार्थी आहे. हा लाल्या वर्गास त्रास, शिक्षकांस ताप, आणि पोरांचा पुढारी. अशा मुलाचे नाव पटावरून काढून टाकणे हा सर्वांत सोपा मार्ग. पण विद्यानंद तो पत्करीत नाही. त्यास मुलाच्या उनाडपणामागचा मुलगा दिसतो. इकडे संस्थेची सूत्रे हलविणारांस असा स्वच्छ मनुष्य अडचणीचा होतो. कारस्थान रचले जाते, पैशाच्या अफरातफरीचा खोटा आळ त्याच्यावर येतो, आणि ज्याने दुसऱ्याच्या दिडकीस कधी हात लावला नाही तो तुरुंगात जातो.

इतकेच असते तर ते सज्जनाच्या छळाचे एक रडगाणे झाले असते. आणि तशी नाटके आपल्याकडे थोडी नाहीत. कानेटकरांनी पुढचे पाऊल टाकले. विद्यानंद तुरुंगातून बाहेर येतो तो संत होऊन नव्हे. तुरुंगात त्यास गुन्हेगारांची संगत लाभते, आणि प्रामाणिकपणाने आपणास काय दिले याचा हिशेब तो मांडू लागतो. सूडाची आणि काळ्या पैशाची वाट त्यास जवळची वाटते. आणि तेव्हा त्याच्यासमोर येऊन उभा राहतो तो लाल्या. आता तो उनाड राहिलेला नाही. कायद्याचा राखणदार झालेला आहे. गुरू आरोपीच्या बाजूस आणि उनाड शिष्य न्यायाच्या बाजूस, अशी ही उलटापालट आहे. विद्यानंदाने ज्या मूल्यांवर स्वतः पाणी सोडले ती मूल्ये त्यास या मुलाच्या रूपाने परत भेटतात. शुक्राचार्याची विद्या कचाजवळ सुरक्षित होती, तशी विद्यानंदाची विद्या लाल्याजवळ सुरक्षित राहिली. नाटकाचे मर्म येथे आहे, असे मला वाटते. शिक्षक स्वतः मोडून पडला तरी त्याने दिलेले मोडत नाही. आणि कधीकधी त्यास परत उभे करण्यास तेवढेच पुरते.

या नाटकाचे प्रयोग प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदा या संस्थेने केले. पणशीकर स्वतः विद्यानंद झाले आणि डॉक्टर काशिनाथ घाणेकर लाल्या झाले. घाणेकर हे व्यवसायाने दंतवैद्य, चिपळूणचे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मधील त्यांचा संभाजी आधीच गाजलेला होता. परंतु लाल्याने त्यांस जी लोकप्रियता दिली ती काही निराळीच. रंगभूमीवर त्यांचा प्रवेश होताच तरुण प्रेक्षक शिट्ट्यांनी आणि टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेत. प्रेक्षागृहात शे-दोनशे लाल्या बसलेले असत, आणि रंगमंचावर आपणच उभे आहोत असे त्यांतील प्रत्येकास वाटे. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. नाटक लिहिले गुरूच्या परीक्षेचे. लोकांनी डोक्यावर घेतले शिष्याला. काही टीकाकारांस हा तोल गेल्यासारखा वाटेल. मला वाटते, प्रेक्षक चुकले नाहीत. गुरू खरा होता की खोटा, याची साक्ष अखेर शिष्यानेच द्यावयाची असते.

आता बोलपटाकडे वळू. ‘आँसू बन गये फूल’ चे दिग्दर्शन सत्येन बोस या बंगाली गृहस्थांनी केले. ही निवड सहज झालेली म्हणा अथवा जाणून केलेली म्हणा, पण ती अत्यंत योग्य होती. कारण शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक या विषयात हिंदी चित्रसृष्टीत बोसांइतका रमलेला दिग्दर्शक दुसरा क्वचितच सापडेल. १९४९ साली त्यांनी बंगालीत ‘परिवर्तन’ काढला आणि तीच कथा १९५४ साली हिंदीत ‘जागृति’ या नावाने पुन्हा काढली. एका वसतिगृहात आलेला श्रीमंताघरचा द्वाड मुलगा, त्याचा लंगडा पण गुणी मित्र, आणि छडीऐवजी विश्वासाने मुलांस वळण लावू पाहणारे नवे शिक्षक, अशी ती कथा. अभि भट्टाचार्यांनी ते शिक्षक इतक्या सौम्यपणे उभे केले की त्यांस सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि बोलपटासही त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. कवी प्रदीप यांनी त्यासाठी लिहिलेली गीते पुढे कित्येक वर्षे पंधरा ऑगस्टला शाळाशाळांतून गायिली जात. त्यानंतर १९६४ साली बोसांनी ‘दोस्ती’ काढला. एक पांगळा व एक आंधळा अशा दोन निराधार मुलांची ही कथा. आणि त्यातही शाळेत नाव घालण्यासाठी चाललेली धडपड आहेच.

या तिन्ही बोलपटांत एक सूत्र आहे. द्वाड मुलगा हा वाईट मुलगा नव्हे, त्यास कोणी तरी ओळखण्याचा अवकाश असतो, हे ते सूत्र. कानेटकरांच्या नाटकात बोसांस हेच सूत्र दुसऱ्या टोकाने सापडले. मुलास शिक्षकाने ओळखल्याची गोष्ट ‘जागृति’त सांगून झाली होती, शिक्षकास मुलाने ओळखल्याची गोष्ट राहिली होती. विद्यानंदाची भूमिका अशोककुमारांनी केली. बोसांच्या ‘चलती का नाम गाड़ी’ या १९५८ च्या हास्यपटात तिघे भाऊ एकत्र आले होते, त्यांतील हे थोरले. शिष्याचे काम देव मुखर्जी यांनी केले. निरूपा रॉय व प्राण हेही बोलपटात होते, आणि संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे होते. खलपुरुष म्हणून ज्याच्या नावाचा धाक होता त्या प्राण यांनी येथे अशी भूमिका केली की सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांस मिळाले. आणि मराठी माणसास विशेष अभिमानाची गोष्ट म्हणजे सर्वोत्कृष्ट कथेचे पारितोषिक त्या वर्षी वसंत कानेटकरांस मिळाले. रहिमतपूरच्या मास्तराच्या मुलाने नाशिकात बसून लिहिलेली गोष्ट साऱ्या हिंदुस्थानाने पाहिली.

मी स्वतः बोलपट आधी पाहिला आणि नाटक मागाहून. आमच्या भागातील एका यात्रेत तंबूतल्या सिनेमात, पुढच्या बाजूस जमिनीवर मांडी घालून, मी तो पाहिला तेव्हा शाळकरी होतो. पुढे मॅट्रिक झाल्यावर सांगलीस नाटकाचा प्रयोग पाहिला. या दोहोंतील भेद मला तेव्हा सांगता आला नसता, आज सांगतो. बोलपटाला सर्व काही दाखविता येते, म्हणून सर्व काही दाखवावेच लागते. माणूस पालटला तर कसा पालटला याची पायरी-पायरी डोळ्यांपुढे यावी लागते. मध्ये गाणे यावे लागते, विनोद यावा लागतो, कारण मद्रासपासून दिल्लीपर्यंतच्या प्रेक्षकास खिळवून ठेवावयाचे असते. नाटकास हे साधत नाही, आणि तेच त्याचे बळ होय. पडदा पडतो, मधली वर्षे पडद्याआड सरतात, पडदा उघडतो, आणि तोच नट त्याच रंगमंचावर निराळा मनुष्य होऊन उभा राहतो. मधली वर्षे प्रेक्षकाने आपल्या पदरची भरावयाची असतात. बोलपट पाहताना मला विद्यानंदाची दया आली. नाटक पाहताना मात्र, याच्या जागी मी असतो तर काय केले असते, असा प्रश्न पडला. उलटपक्षी हेही कबूल केले पाहिजे की ज्या माझ्या गावकऱ्यांनी नाट्यगृहाचा उंबरा कधी ओलांडला नाही, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट बोलपटानेच पोहोचविली.

या संदर्भात विलायतेतील एका नाटकाची आठवण होते. टेरेन्स रॅटिगन या नाटककाराने १९४८ साली ‘द ब्राउनिंग व्हर्जन’ नावाचे एकांकी नाटक लिहिले. त्यातील क्रॉकर-हॅरिस हे ग्रीक-लॅटिन शिकविणारे मास्तर विद्यानंदाच्या अगदी उलट आहेत. ते शिस्तीचे, कोरडे, आणि मुलांच्या चेष्टेचा विषय झालेले आहेत. प्रकृतीमुळे त्यांस मुदतीपूर्वी शाळा सोडावी लागते. निवृत्तिवेतनही मिळत नाही. निरोपाच्या आदल्या दिवशी टॅपलो नावाचा एक साधासा विद्यार्थी त्यांस एक जुने पुस्तक भेट देतो. ‘अ‍ॅगमेम्नॉन’ या ग्रीक नाटकाचे ब्राउनिंगने केलेले ते भाषांतर असते. आयुष्यभर न रडलेले मास्तर त्या पुस्तकापुढे रडतात. १९५१ साली अँथनी अ‍ॅस्क्विथ यांनी याचा बोलपट केला. पटकथा रॅटिगन यांनीच लिहिली, आणि मायकेल रेडग्रेव्ह यांनी मास्तर साकारला. नाटक संपते तेथे मास्तरांचे निरोपाचे भाषण व्हावयाचे असते. प्रेक्षकास ते ऐकू येत नाही. बोलपटात मात्र ते भाषण आहे. मास्तर लिहून आणलेला मजकूर बाजूस सारतात आणि मुलांसमोर उभे राहून कबूल करतात की मी तुमचा अपराधी आहे, मला तुम्हांला जे द्यावयाचे होते ते मी दिले नाही.

दोन देश, दोन मास्तर. एक सज्जन म्हणून पडला, दुसरा कठोर म्हणून वाळला. परंतु दोघांस उठविणारा हात विद्यार्थ्याचाच. दोघांत भेद इतकाच की विद्यानंदाचे शिष्याने फेडावे असे काही होते. क्रॉकर-हॅरिसला न केलेल्या कामाचीही फेड मिळाली, आणि म्हणूनच त्यास क्षमा मागावीशी वाटली.

श्रोतेहो, येथवर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक स्वतःची सांगून आटोपतो.

विट्याच्या आसपासच्या गावांतून सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी पुष्कळ कुटुंबे आहेत, हे आपण जाणताच. केरळापासून बंगालपर्यंत सराफांच्या पेठांतून आमची माणसे भट्टी लावून बसलेली आहेत. त्यामुळे आमच्या वर्गांतील कित्येक मुलांचे वडील परमुलखात आणि मूल आजीजवळ, अशी स्थिती असे. असाच एक मुलगा माझ्या सातवीच्या वर्गात होता. बुद्धी चलाख, पण द्वाडपणात पहिला. एके वर्षी सहलीसाठी जमा केलेले पैसे माझ्या टेबलाच्या खणातून नाहीसे झाले. मधल्या सुटीत तो मुलगा वर्गात एकटा होता, एवढे कोणीसे सांगितले. मी चौकशी केली नाही. मी त्यास सर्व वर्गासमोर उभे केले आणि बोलू नये ते बोललो. त्याने दोनदा सांगितले, “गुरुजी, मी घेतले नाहीत.” तिसऱ्यांदा सांगितले नाही. दिवाळीस वडील आले तेव्हा मी त्यांस म्हणालो की हा शिकणारा नव्हे, ह्याला आपल्या धंद्यात घाला. वडील म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं.” मुलगा भट्टीवर गेला.

उन्हाळ्याच्या सुटीत दप्तर आवरताना ते पैसे सापडले. हजेरीच्या जुन्या वहीत, पाकिटासकट, मीच ठेवलेले. मी ते सहलीच्या हिशेबात मांडले. त्या मुलास पत्र मात्र लिहिले नाही. आज लिहू, उद्या लिहू, असे म्हणता वर्षे गेली; आणि जितकी वर्षे गेली तितके लिहिणे अवघड झाले.

तोवर मी स्वतःस विद्यानंद समजत असे. थोडा पगार, थोडा मान, वरच्यांचा त्रास. त्यामुळे प्रत्येक शिक्षकास तसे वाटतेच. त्या पाकिटाने मला माझी खरी भूमिका दाखविली. पैशाचा खोटा आळ घेऊन एका निरपराध्यास बाहेर घालविणारे जे लोक त्या नाटकात आहेत, त्यांच्या रांगेत मी उभा होतो. संस्थेच्या सूत्रधारांनी विद्यानंदास जे केले ते मी एका बारा वर्षांच्या मुलास केले होते.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास विट्याच्या बाजारात एका भरदार गृहस्थाने वाकून माझ्या पायांस हात लावला. तोच तो. मुले बरोबर होती. “हे माझे गुरुजी,” असे त्याने मुलांस सांगितले. “सातवीपर्यंत यांनीच शिकवलं. भागाकार अजून यांच्याच पद्धतीनं करतो. भट्टीवर तोळे-गुंजांचा हिशेब चुकत नाही.” मी त्याच्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवला, खुशाली विचारली, आणि घरी आलो. सांगावयाचे होते ते त्या दिवशीही माझ्या तोंडून निघाले नाही.

त्यास ती गोष्ट आठवत नव्हती असे मला वाटत नाही. आठवत असूनही तो वाकला, हेच मला अधिक लागले. माझ्याकडून जे काही थोडे त्यास मिळाले होते ते त्याने जपले, आणि जे अन्यायाचे मिळाले होते ते मुलांसमोर काढले नाही. कचाने गुरूस उठविले तेव्हा पोट फाटल्याची आठवण ठेवली नाही. माझ्या विद्यार्थ्याने तसेच केले. पण मी शुक्राचार्य नव्हतो, केवळ भागाकार शिकविणारा एक मास्तर होतो.

म्हणून आज, त्या विलायती मास्तराचे अनुकरण करून, लिहून आणलेला मजकूर मीही क्षणभर बाजूस ठेवतो. तो मुलगा, म्हणजे आता तो गृहस्थ, ज्या कोणत्या पेठेत भट्टीपुढे बसून हे ऐकत असेल, त्यास मी सांगतो की ते पैसे तू घेतले नव्हतेस. ते माझ्याच वहीत होते. हे मला त्याच उन्हाळ्यात कळले होते आणि मी ते दडविले. मला क्षमा कर.

आणि आपण जे आपल्या मुलांस शाळेत पाठविता त्यांस एवढेच विनवितो की, घरात लाल्या निपजला तर घाबरू नका, आणि शाळेत त्याच्याविषयी कोणी शेवटचा शब्द बोलू लागले तर तो ऐकून घेऊ नका. माझे ज्यांनी ऐकले ते वडील भले होते. त्यांनी माझ्याशी भांडावयास हवे होते. शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार शिक्षकास नसतो. तो पुष्कळ वर्षांनी विद्यार्थ्याने बोलावयाचा असतो. आणि माझ्या वाट्यास तो माझ्या योग्यतेहून फार चांगला आला.